तिसाने भागलेली बिअर

उत्तरेच्या थंड समुद्रातल्या सारेमा बेटावर अंघोळ शनिवारी. बाकीचे सहा दिवस माणूस जसा असेल तसा असतो आणि त्याबद्दल कुणी कुणाला नावं ठेवत नाही. म्हणूनच एप्रिलमधल्या एका मंगळवारी, भर सकाळी, माइमुच्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघाला तेव्हा लाउरान्ना गावातला एकेक पडदा हलला. सगळ्यात आधी पोचला वाम्बोला. हा पूर्वी फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा. नोकरी सुटून बारा वर्षं झाली, पण कोण कुठे निघालंय ते विचारल्याशिवाय त्याला अजून चैन पडत नाही.

“मंगळवारी सॉना?” तो दारातूनच म्हणाला. “कोण गेलं? कुणाला शेवटची अंघोळ?”

“कुणी गेलं नाही. कंबर धरलीय माझी. शेक घेतेय.”

“आणि माल्टचा वास येतोय तो कमरेतून?”

माइमुने दार लावून घ्यायला हात घातला, पण वाम्बोलाचा बूट आधीच आत आलेला होता. आत बाकावर जॅमचं सात लिटरचं पातेलं बसलं होतं. त्याला तिच्या नवऱ्याचा, काल्योचा, मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला होता. बटणं लावलेली, आणि वरून बाह्यांची गाठ.

“हा काय प्रकार?”

“काल्योला बोललास तर जीभ हातात देईन.”

“त्याला कशाला बोलू? तो तर जाळी काढायला गेलाय.” वाम्बोलाने कोटाला कान लावला. “बिअर आहे ना ही? एवढुशी? एवढी तर माझी शिंकताना सांडते!”

माइमु तेव्हा सहासष्ट वर्षांची होती आणि त्यातली एकतीस वर्षं सामुदायिक शेतीच्या डेअरीत दूध तपासण्यात गेली होती. गावोगावचे कॅन यायचे. ही प्रत्येकातून चमचाभर दूध घ्यायची आणि त्या चमच्यावरून सांगायची, पाणी कुणी घातलंय, गाय कुणाची दुखणाईत आहे आणि कुणाच्या घरून कॅन न धुताच आलाय. धट्टेकट्टे बाप्ये तिच्या टेबलासमोर टोपी काढून उभे राहायचे. तिच्याशी लग्न करायचा धीर एकट्या काल्योला झाला, कारण त्याच्या घरी गायच नव्हती, असं गावात अजून सांगतात. पुढे डेअरी बंद पडली. काचेच्या नळ्या कुणी भंगारात नेल्या, कुणी फुलं ठेवायला नेल्या. माइमु घरी आली, पण चमच्यावरून कॅन ओळखायची सवय काही तिने डेअरीत ठेवली नाही.

आता त्या जॅमच्या पातेल्याकडे वळायचं तर आधी गावाच्या पिंपाबद्दल सांगायला हवं. लाउरान्नाला एकच मोठं पिंप आहे, ओकच्या फळ्यांचं, दोनशे लिटरचं. त्यात उन्हाळ्यातल्या होळीच्या सणाची बिअर होते. ज्या घरची बिअर चांगली, त्या घरच्या कोठीत पिंप राहतं. ते काल्योच्या घरी त्याच्या पणजोबापासून आहे. लागोपाठ तीन वर्षं बिअर बिघडली, तर मात्र गावातला सगळ्यात वयस्कर माणूस नुसतं बोट दाखवतो आणि पिंप दुसऱ्या घरी जातं. त्यावर वाद नाही, अपील नाही.

दोन वर्षं बिअर आंबली होती. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, हवाच तशी होती. दुसऱ्या वर्षी कुणी काहीच म्हणालं नाही, सगळे जण मुकाट्याने बटाटे खात राहिले. सणाच्या दुसऱ्या दिवशी माइमुने खिडकीतून पाहिलं, तर काल्यो उरलेली बिअर बादली बादली नेऊन बटाट्याच्या वाफ्यामागे ओतत होता. ती मदतीला गेली तर त्याने तिला परत पाठवलं. सत्तरीचा माणूस, पाठ वाकलेली, आणि कुणी बघू नये म्हणून कुंपणाच्या बाजूला टोपी ओढून घेतलेली. तिला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त कीव आली. पिंप गेलं तर हा माणूस जेवेल, झोपेल, जाळी टाकेल, पण पुन्हा ताठ मानेने दुकानात जाणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि पलीकडे एवाल्ड टपून बसलेला. कुंपणापल्याडचा एवाल्ड, वय एक्याऐंशी, म्हणजे बोट दाखवणारा माणूस तोच. त्याने आपल्या गोठ्यातला एक कोपरा रिकामा करून चुन्याने रंगवूनसुद्धा ठेवला होता. “पाहुणा यायचाय,” असं तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा.

काल्योला कारण विचारलं की तो म्हणायचा, “हवा दमट होती.” दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचा, “फार दमट होती.” तिसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती. साठ किलो माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, सहाशे ग्रॅम हॉप्सची कडू फुलं, दीडशे ग्रॅम यीस्ट, आणि रस गाळायला तळाशी अंथरायच्या दोन कवळे जुनिपरच्या काटेरी फांद्या. बापाने सांगितलं तेच, आणि त्यात तसूभर बदल नाही. बदलून बघायचं तरी कसं? साठ किलो माल्ट घालून कुणी गंमत करतं का?

माइमुने करायचं ठरवलं, पण चमच्याएवढी. तिने सगळ्याला तिसाने भागलं. दोन किलो माल्ट, वीस ग्रॅम हॉप्स, पाच ग्रॅम यीस्ट म्हणजे हेझलनटएवढा गोळा. पाच लिटर बिअर निघायला हवी. एकेका वेळी एकच गोष्ट बदलायची, कुठे आंबतंय ते पकडायचं आणि नवऱ्याला ते अशा बेताने सांगायचं की त्यालाच सुचलं असं त्याला वाटावं. या शेवटच्या कामाचा तिला चाळीस वर्षांचा सराव होता.

पहिल्याच खेपेला, घरातल्या चुलीवर, तिला कळलं की सगळ्याच गोष्टी भागाकाराला तयार नसतात. पिंपातलं माल्ट गरम पाणी घातल्यावर दुपारपर्यंत गरम राहतं, त्याचा गोडवा आपसूक सुटतो. पातेलं मात्र तिने हॉप्स मोजेपर्यंत कोमट झालं. माल्ट तसंच पिठूळ राहिलं आणि त्यातून आजारी माणसाला द्यावी तशी पेज निघाली. दोन कवळे जुनिपरला तिसाने भागल्यावर एक डहाळी आली. ती पातेल्याच्या तळाशी एकटीच आडवी पडली आणि गाळायच्या ऐवजी तिथे बसवलेल्या तोटीचं भोक बंद करून बसली. उकळताना पाणी उडून गेलं ते वेगळंच. मोठ्या कढईत बादलीभर उडालं तरी पत्ता लागत नाही, इथे निम्मं पातेलं रिकामं. पाचाच्या जागी पावणेतीन लिटर निघाली. ती तिने कुंपणापाशी ओतली आणि एवाल्डच्या कोंबड्या दिवसभर तिरप्या चालल्या.

दुसऱ्या खेपेला पाणी जास्त घेतलं, फांद्या कात्रीने बारीक करून तळाला चार बोटं जाड थर दिला, आणि पातेल्याला काल्योचा कोट घातला. वाम्बोलाने पकडलं ते हेच. नऊ दिवसांनी ती बिअर तिने एकटीने, सॉनाच्या पायरीवर बसून चाखली. सुरेख झाली होती. आंबटपणा औषधालासुद्धा नाही.

आमच्याकडे बिअरचा एक नियम आहे. बिअर उघडली आणि कुणी दारात आलं, तर त्याला दिल्याशिवाय आपण प्यायची नाही. वाम्बोला दहाव्या मिनिटाला आला, तोही आपला कप्प घेऊन. कप्प म्हणजे झाकणाचा लाकडी पेला, प्रत्येक पुरुषाचा स्वतःचा. त्याच्यामागून आणखी चौघे आले, वाटेत सहज भेटलेले. सहावा म्हणाला, मी विळा परत द्यायला आलोय. त्याच्या हातात विळा नव्हताच, कप्प होता. शेवटी कुंपणावरून एवाल्डची टोपी दिसू लागली.

“पोरी, तुझ्याकडे कंबर शेकतात म्हणे,” एवाल्ड म्हणाला. “माझेही गुडघे फार धरलेत गं.”

“तू कशाला आलास? तुला तर आमची बिअर बिघडायलाच हवीय.”

“हवीय ना. म्हणूनच चाखून बघतो, बिघडलीय का.”

त्याने चाखली. मग खात्री करण्यासाठी परत चाखली. अशा रीतीने सात माणसांनी मिळून पाच लिटर बिअर तपासली आणि माइमुच्या वाट्याला पातेलं धुणं आलं. तिला हसू येत होतं आणि रागही येत होता. पाककृतीत सगळं तिसाने भागता येतं, शेजारी तेवढे भागता येत नाहीत, असं ती म्हणाली. त्यावर एवाल्ड म्हणाला की मग पातेलं मोठं घे.

तिथून पुढे दर मंगळवारी सॉनातून धूर निघू लागला. माइमुने पाणी बदललं, एवाल्डच्या विहिरीचं घेतलं. चांगली झाली. माल्ट बदललं. चांगली. जुन्या हॉप्स घातल्या, यीस्ट दुसऱ्या दुकानातून आणलं, जुनिपर समुद्राकडच्या बाजूचं तोडलं. सगळ्या खेपा चांगल्या, आणि सातही जण दर खेपेला वेळेवर हजर. काल्योला कुणीही एका शब्दाने बोललं नाही. गावाने एखादं गुपित एवढं सांभाळलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. पण गुपिताला चव असली की माणसं ते जिभेवरच ठेवतात, बाहेर जाऊ देत नाहीत.

काल्यो मात्र गोंधळला होता. “माझ्या कोटाला माल्टचा वास येतो,” एकदा जेवताना तो म्हणाला.

“जन्मभर बिअर केलीस, आता अंगालाच यायला लागला असेल,” माइमु म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाजलेला मासा वाढला. तो दोन दिवस स्वतःलाच हुंगत फिरला, पण मनातून त्याला ते आवडलं असावं.

मे महिना अर्धा सरला तरी माइमुच्या हाती काही लागलेलं नव्हतं. चांगल्या बिअरने ती रडकुंडीला आली. पातेल्यात कशीही करा, उत्तम होते. पिंपात तीच, त्याच वस्तू, तोच हात, आणि आंबते. पिंपच बिघडलंय म्हणावं, तर त्याची एक सुटी फळी तिने पातेल्यात बुडवून पाहिली, तरी काही नाही. सणाला महिना राहिला होता. एवाल्डने गोठ्यातल्या त्या कोपऱ्यात आता पडदासुद्धा लावला होता.

ज्या दिवशी तिला कळलं तो दिवस असा: पातेल्यातून गोड रस नुकताच गाळून झाला होता, यीस्ट पडायचं होतं, आणि एवाल्ड घाई करून लवकर आला. म्हणाला, रससुद्धा गोड लागतो. आणि त्याने आपला कप्प सरळ पातेल्यात बुडवायला घेतला. माइमुने त्याच्या मनगटावर चटकन पळी मारली.

“नमुन्यात कुणाचं भांडं बुडवायचं नाही!”

एकतीस वर्षं डेअरीत म्हटलेलं वाक्य आपोआप तोंडातून गेलं. एवाल्ड मनगट चोळत म्हणाला, “अगं, पिंपावर तर आम्ही सगळेच बुडवतो. रीतच आहे. आधी काल्यो, मग मी, मग बाकीचे.”

माइमु पळी हातात धरून तशीच उभी राहिली. मोठ्या बिअरच्या दिवशी सगळे पुरुष गोड रसाच्या टोपात आपापला कप्प बुडवून पहिला घोट घेतात. तिने माल्ट भागलं होतं, पाणी भागलं होतं, फांद्या कात्रीने कापल्या होत्या. आणि हे आठ कप्प? ते तिने हिशेबात धरलेच नव्हते. पुरुषांचं काम म्हणून त्या दिवशी ती जवळ उभीसुद्धा राहत नसे.

“एवाल्ड,” ती म्हणाली, “सगळ्यांना बोलाव. कप्प घेऊन. आणि न धुता.”

“आमचे कधी धुतलेले असतात?”

तिने रसात यीस्ट घातलं आणि तो नऊ बरण्यांत वाटला. एकेका बरणीतला रस एकेकाच्या कप्पमध्ये ओतायचा, हलवायचा, परत बरणीत. बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. सात बरण्या सात जणांच्या. एक बरणी कुणाचंच भांडं न लागलेली, तुलनेसाठी. आणि नववी काल्योची. त्याचा कप्प चुलीवरच्या खिळ्याला टांगलेला असे. तो जाळी काढायला गेला होता तेवढ्यात तिने तो खाली घेतला, रस फिरवला आणि जागच्या जागी लावून टाकला. काल्योवर तिचा संशय नव्हता. पण तपासणीत कुणाला सूट द्यायची नाही, हाही डेअरीचाच नियम.

मग सुरू झाली गंमत. नऊ बरण्या सॉनाच्या वरच्या फळीवर, वाफेत अंगावर मारून घ्यायच्या बर्चच्या पानांच्या जुड्यांमागे. रोज सकाळी सात म्हातारे परीक्षेचा निकाल बघायला यावेत तसे यायचे.

“वाम्बोला, तुझी गढूळ दिसतेय रे.”

“गढूळ नाही, दाट आहे. तुझी बघ, तिच्यावर काय तरंगतंय? दात आहे की काय?”

“मी म्हणतच होतो, याच्या कप्पमध्ये उंदीर पिल्लं घालतो!”

“एवाल्डचा कप्प पाहिलात का आतून? त्यात गेल्या राज्यकर्त्यांच्या वेळची बिअर आहे.”

एवाल्ड इतरांसारखाच हसायचा, पण तो दिवसातून तीनदा येऊ लागला. आपल्याच कप्पने दोन वर्षांची बिअर नासवली असं निघालं, तर एक्याऐंशीव्या वर्षी तोंड कुठे लपवायचं, ही धास्ती त्याला होती. दहाव्या दिवशी माइमुने सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि एकेक बरणी उघडून चाखली. वाम्बोला, ठीक. विळेवाला, ठीक. एवाल्ड, ठीक. एवाल्डने एवढा मोठा श्वास सोडला की जुडीची पानं हलली. सातही ठीक. तुलनेची ठीक.

मग तिने नववी उघडली. चाखायची गरजच पडली नाही. नाकाशी नेली आणि तिला तो वास ओळखू आला. हे विरजण होतं. साधंसुधं नाही, तिचंच. डेअरी बंद पडली त्या दिवशी तिने लहान बाटलीत घालून घरी आणलेलं, आणि तेव्हापासून रोज लावलेलं.

काल्योचा कप्प मुळात त्याच्या बापाचा, प्रीदुचा. प्रीदु चौऱ्याण्णव वर्षं जगला. शेवटची चार वर्षं त्याला दात नव्हते आणि बिअर सोसत नव्हती, म्हणून माइमुच रोज सकाळी त्याला त्याच्याच कप्पमधून विरजलेलं दूध द्यायची. म्हाताऱ्याला दुसरं भांडं चालत नसे. तीन वर्षांपूर्वी पानगळीत तो गेला. काल्योने कप्प फडक्याने पुसला, आपला जुना कप्प कपाटात टाकला आणि हा खिळ्याला लावला. त्यानंतर दोन्ही वर्षं गोड रसात सगळ्यात आधी तो बुडला होता. लाकडात मुरलेलं विरजण दोनशे लिटरला लागायला किती वेळ लागतो, ते माइमुइतकं या बेटावर कुणाला माहीत होतं? तिला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना.

“मग धू तो,” वाम्बोला म्हणाला. “झालं.”

“गेल्या महिन्यात नुसतं विचारलं, धुऊ का म्हणून. दोन दिवस काखेत घेऊन फिरला. रोज सकाळी झाकण उघडून हुंगतो तो. म्हणतो, बाप आहे यात.” माइमु बाकावर बसली. “गुपचूप उकळला तर वासावरून लगेच ओळखेल. आणि त्याला खरं सांगितलं तर काय म्हणेल? पिंप न्या, पण कप्पला हात लावू नका. मी ओळखते ना त्याला.”

सगळे हळूहळू एवाल्डकडे बघू लागले. कारण एवाल्डने आता काहीही करायची गरज नव्हती. गप्प बसलं की पिंप त्याच्या रंगवलेल्या कोपऱ्यात चालत येणार होतं.

“माझ्याकडे काय बघताय?” एवाल्ड म्हणाला. “मी आंबवली का?”

“एवाल्ड,” माइमु म्हणाली, “पिंप तुझ्याकडे आलं की सणाची बिअर तू करायचीस. तुझ्या भाच्याच्या लग्नात केली होतीस ती आठवतेय?”

“ती जरा वेगळी होती.”

“डुकरांनी बादली पालथी केली होती.”

“डुकरं माजली होती ती.”

“आणि एक सांगते. पिंप या घरातून गेलं तर मला काही शोधायचं उरत नाही. मग मंगळवारचा धूर बंद. माझी कंबर बरी.”

बाकीचे सहा जण एकदम एवाल्डच्या जवळ सरकले. विळेवाला तर हात जोडायच्या बेतात होता. एवाल्डने आपली बरणी उचलली, तिच्यातली बिअर एका दमात पिऊन टाकली आणि तोंड पुसून म्हणाला, “माझे आजोबा काय करायचे सांगू का? रसात बुडवण्याआधी ते कप्प जुनिपरच्या उकळत्या पाण्यात घालायचे. चांगला तासभर. फार जुनी रीत आहे.”

“खरंच?” वाम्बोलाने विचारलं.

“मूर्खा, नाही. पण तुझेही आजोबा तेच करायचे. पाठ कर.”

जूनमध्ये सणाच्या दहा दिवस आधी काल्योच्या अंगणात मोठी बिअर लागली. या वेळी माइमु पायरीवर बसून बटाटे सोलत होती, पण लक्ष सगळं टोपाकडे, म्हणून सालं जाड निघत होती. रस गळू लागला. काल्योने खिळ्याचा कप्प आणून हातात घेतला. तेवढ्यात एवाल्ड खाकरला.

“कप्प उकळले नाहीत अजून?”

“काय?” काल्यो म्हणाला.

“हल्ली कुणी पाळत नाही, पण रीत आहे. माझे आजोबा आधी कप्प उकळायचे. जुनिपरमध्ये.”

“माझेही,” वाम्बोला म्हणाला, जरा जास्तच लवकर.

“आमच्याकडे तर पणजोबांपासून,” विळेवाला म्हणाला. मग चौथा, मग पाचवा. सहाव्याने पुढे जाऊन सांगितलं की त्याचे आजोबा उकळताना गाणंसुद्धा म्हणायचे. एवाल्डने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाण्याचे शब्द सांगायचं विसरला. सातव्याने नुसती मान हलवली, जोरात.

काल्यो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. माइमुने सोलायचं थांबवलं. तिला वाटलं, आता हा कप्प काखेत मारून घरात जाईल आणि दार लावून घेईल.

काल्योने झाकण उघडलं, कप्प नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाला, “हो तर. आमचा बापही उकळायचा. मी आता तेच म्हणणार होतो.” आणि त्याने स्वतः तो उकळत्या कढईत सोडला. त्यामागोमाग सात कप्प पडले. पाण्याला जो रंग आला त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

सणाच्या दुपारी सगळं गाव अंगणात जमलं. पहिला घोट एवाल्डचा. त्याने तो तोंडात घोळवला, डोळे मिटले, आणि मुद्दाम, निव्वळ खोडसाळपणाने, इतका वेळ गिळला नाही की माइमुने पायरीची कड घट्ट धरली. मग त्याने गिळला आणि कप्प पुन्हा पुढे केला.

“पिंप राहू दे इथेच,” तो म्हणाला. “माझ्या गोठ्यात ओल फार आहे.”

आरडाओरडा झाला, टोप्या उडाल्या, आणि पिंपाच्या तोटीपाशी अशी झुंबड उडाली की दोन बाकं मोडली. काल्यो गर्दीतून बाहेर पडून पायरीवर माइमुशेजारी येऊन बसला. त्याचे डोळे ओले होते आणि ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही. त्याने भरलेला कप्प गुडघ्यावर ठेवला, झाकण उघडून हुंगला.

“वास गेला त्याचा,” तो म्हणाला.

“हो. गेला,” माइमु म्हणाली.

“बापानं उभ्या जन्मात कप्पला पाणी लावलं नाही, माइमु. मी त्याच्या शेजारी पन्नास वर्षं बिअर केलीय. मला माहीत नसेल?”

“मग तू हो कशाला म्हणालास?”

काल्योने अंगणाकडे पाहिलं. तिथे एवाल्ड कुणाला तरी आपल्या आजोबांच्या जुनिपरची गोष्ट सांगत होता, आणि आता त्यात गाणंही आलं होतं.

“सात माणसं,” काल्यो म्हणाला. “सातही जण माझ्या तोंडाकडे बघत, माझ्यासाठी, एका सुरात खोटं बोलत होती. त्यात एवाल्ड. मी नाही म्हटलं असतं तर सगळी खोटी पडली असती. बापाचा वास काय, माझ्या ध्यानात आहे.” त्याने कप्प तिच्याकडे सरकवला. “घे. पहिला घोट तू घे.”